कोळसा बंद झाला, आता परतीचं पाणी थंड करा: शहरभराच्या हीटिंगमधला कार्बन कसा कमी होतो

१ एप्रिल २०२५ रोजी हेलसिंकीतलं साल्मिसारी हे कोळशाचं केंद्र बंद झालं. फिनलंडच्या राजधानीतलं ते शेवटचं; हानासारीचं त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी थंडावलं होतं. ऊर्जेसाठी कोळसा जाळायला तिथल्या कायद्याने १ मे २०२९पर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे हेलसिंकीने चार वर्षं हाताशी ठेवून काम उरकलं.

बातमी वाचताना वाटतं, एक वीजकेंद्र बंद झालं. पण या केंद्रांतून वीज निघायची त्याहून जास्त उष्णता निघायची, आणि ती गरम पाण्याच्या रूपात पाइपांतून शहरभर फिरायची. हेलसिंकीतल्या दहांपैकी साधारण नऊ इमारती अशाच तापतात. पारा उणे वीसवर गेला की सगळी भिस्त त्या पाइपांवर. मग कोळसा गेल्यावर ही घरं तापतात कशावर?

हीट पंप, लाकूड आणि वीज, असं एका ओळीत उत्तर देता येतं आणि बरेचजण तेवढ्यावर थांबतात. पण नुसता बॉयलर बदलून हे काम होत नाही. इमारतींतून परत येणारं पाणी किती थंड आहे, यावर या सगळ्या बदलाचं गणित ठरतं. ते कसं, हे पायापासून पाहू.

## हे जाळं असतं कसं

‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ म्हणजे एका ठिकाणी पाणी तापवून ते जमिनीखालच्या पाइपांतून शेकडो इमारतींना पुरवणं. पाइप जोडीने टाकलेले असतात, एक गरम पाणी नेणारा आणि दुसरा वापरून झालेलं पाणी परत आणणारा. हेलसिंकीत हे जाळं सुमारे १,४०० किलोमीटरचं आहे. पाणी कुठेही सांडत नाही, तेच ते फिरत राहतं.

हे पाणी घरातल्या रेडिएटरमध्ये शिरत नाही. प्रत्येक इमारतीच्या तळघरात हीट एक्स्चेंजर असतात, म्हणजे पातळ स्टीलच्या नालीदार पत्र्यांची थप्पी. एका पत्र्याच्या अलीकडून जाळ्याचं पाणी वाहतं, पलीकडून इमारतीचं. उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते, पाणी जात नाही. साधारण दोन एक्स्चेंजर असतात, एक रेडिएटरसाठी आणि एक नळाच्या गरम पाण्यासाठी. जोडीला नियंत्रण व्हॉल्व, गाळणी, पंप, बाहेरच्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि मीटर. मीटर तीन गोष्टी बघतो: किती पाणी गेलं, आत जाताना त्याचं तापमान काय होतं आणि परतताना काय होतं. बिल त्यावरून निघतं.

फिनलंडमध्ये जाळ्याच्या पाण्यात हिरवा रंग मिसळतात. कुणाच्या नळाला हिरवट पाणी आलं तर समजायचं, एक्स्चेंजरचा पत्रा फुटला. ते पाणी मऊ केलेलं आणि ऑक्सिजन काढलेलं असतं, कारण ऑक्सिजन राहिला तर स्टीलचे पाइप आतून गंजतात.

कोळशाची केंद्रं या व्यवस्थेत इतकी वर्षं का टिकली, हे साखर कारखाना पाहिलेल्याला लगेच कळेल. कारखान्यात बगॅस जाळून उच्च दाबाची वाफ करतात, ती आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढतात आणि मग दाब उतरलेली तीच वाफ रस आटवायला वापरतात. हेलसिंकीतही हेच चालायचं, फक्त शेवटी रसाऐवजी शहराचं पाणी तापायचं. निव्वळ वीज बनवणारं कोळशाचं केंद्र इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा समुद्रात किंवा हवेत सोडून देतं. उष्णताही वापरली तर इंधनाचा ९० टक्क्यांच्या आसपास उपयोग होतो. कार्यक्षमतेत ही केंद्रं वाईट नव्हती. पण कोळशातल्या दर किलोवॉट-तास ऊर्जेमागे सुमारे ३४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, नैसर्गिक वायूत तो २०० ग्रॅमच्या जवळ असतो. कार्यक्षमता कितीही वाढवली तरी हा आकडा काही शून्यावर येत नाही.

## उष्णता वाहण्याचा हिशेब

दर सेकंदाला एक लिटर पाणी एका अंशाने थंड झालं की त्यातून सुमारे ४.२ किलोवॉट उष्णता मिळते. म्हणून जाळ्यातून किती उष्णता पोहोचते हे दोनच गोष्टी ठरवतात: किती पाणी फिरलं, आणि जाताना व येताना त्याच्या तापमानात किती फरक पडला.

समजा १०० मेगावॉट उष्णता पोहोचवायची आहे. पाणी ९० अंशांवर गेलं आणि ४० अंशांवर परतलं, तर सेकंदाला साधारण ४८० लिटर पाणी पुरतं. तेच पाणी ६५ अंशांवर परतलं, तर तेवढ्याच उष्णतेसाठी ९५० लिटरच्या वर लागतं. मुंबईच्या डबेवाल्याला सगळ्यांचे डबे अर्धे भरलेलेच परत मिळू लागले, तर तेवढीच माणसं जेववायला त्याला दुप्पट डबे वाहावे लागतील; तसंच हे. पाइपाचं प्रकरण त्याहून बिकट आहे. त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलायचं म्हटलं तर घर्षणाने होणारी दाबाची घट चौपट होते आणि पंपाला लागणारी वीज जवळपास आठपट. जाळ्याच्या टोकाला असलेल्या इमारतीपर्यंत मग दाब पोहोचत नाही आणि तक्रारी तिथून सुरू होतात.

## तापमान उतरवल्याने कार्बन कसा घटतो

कोळशाच्या ज्वाळेला परतीचं पाणी ४० अंशांचं आहे की ६०, याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. ज्वाळ हजार अंशांच्या वरची. नवे उष्णतास्रोत मात्र या बाबतीत फार नखरेल आहेत.

हीट पंप घ्या. फ्रिजचंच हे यंत्र, फक्त मोठं. थंड जागेतली उष्णता उचलून गरम जागेत टाकतं आणि त्यासाठी वीज खातं. एक युनिट वीज खाऊन किती युनिट उष्णता देतो, त्या आकड्याला ‘सीओपी’ म्हणतात. त्याची कमाल मर्यादा भौतिकशास्त्राने बांधलेली आहे: वरचं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं आणि वरच्या-खालच्या तापमानांतल्या फरकाने भागायचं. खरं यंत्र या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास पोहोचतं. स्रोत १० अंशांचा आणि पाणी ९० अंशांचं हवं असेल तर मर्यादा ४.५, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २.३. तेच पाणी ६० अंशांचं चालत असेल तर मर्यादा ६.७ आणि प्रत्यक्षात ३.३. शंभर युनिट उष्णतेला पहिल्यात ४३ युनिट वीज लागते, दुसऱ्यात ३०. यंत्राची जात तीच, स्रोतही तोच, तरी वीज सुमारे तीस टक्के वाचली.

लाकडाच्या बॉयलरचंही असंच. लाकडाच्या ओल्या चिपा जाळल्या की धुरात भरपूर वाफ असते. ती वाफ साधारण ६० अंशांच्या खाली पाण्यात बदलू लागते आणि बदलताना उष्णता सोडते. परतीचं पाणी ४० अंशांचं असेल तर ते धुरावरून फिरवून त्याच चिपांमधून दहा-वीस टक्के उष्णता जास्तीची काढता येते. परतीचं पाणी साठीला टेकलं असेल तर धुराड्यातून ती उष्णता वर जाताना बघत बसायचं.

साठवणीलाही हेच लागू आहे. हेलसिंकीत मुस्तिक्कामा बेटाखाली खडकात खोदलेल्या जुन्या तेलसाठ्याच्या गुहा आहेत. २०२१पासून त्यात गरम पाणी साठवतात: २,६०,००० घनमीटर पाणी, ११,६०० मेगावॉट-तास उष्णता. पूर्ण क्षमतेने, म्हणजे १२० मेगावॉटने काढत राहिलं तरी चार दिवस पुरते. आता हिशेब करा. तेवढ्याच गुहेत गरम आणि परतीच्या पाण्यात ४० अंशांचा फरक असेल तर सुमारे १२,००० मेगावॉट-तास मावतात, ३० अंशांचा असेल तर ९,०००. गुहा आणखी न खोदता एक चतुर्थांश साठा कमी-जास्त होतो, तो केवळ इमारतींच्या तळघरांतल्या व्हॉल्वच्या कृपेने.

आणि गळती. पाइपातून जमिनीत जाणारी उष्णता पाइप आणि माती यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. जाणारं पाणी ९० आणि येणारं ५० असेल तर सरासरी ७०. माती ८ अंशांची धरली तर फरक ६२ अंशांचा. तेच ६५ आणि ३५वर आणलं तर फरक ४२. गळती एक तृतीयांशाने घटली, एकही पाइप न उकरता.

## मग ही नवी उष्णता येते कुठून

हेलसिंकीत सॉर्नाइनेन भागात कात्री वाला उद्यानाखाली, खडकात, हीट पंपांचं केंद्र २००६पासून चालू आहे. शहराचं सांडपाणी आधी शुद्ध होतं, मग समुद्राकडे जाण्याआधी या केंद्रात त्याची उष्णता काढून घेतात. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी त्यात असल्यामुळे हे पाणी भर हिवाळ्यातही दहा अंशांच्या आसपास असतं. हाच पंप उन्हाळ्यात कार्यालयांना थंड पाणीही पुरवतो: इमारतींतून काढलेली उष्णता गरम पाण्याच्या जाळ्यात टाकतो. एकाच यंत्राने, एकाच विजेवर दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळली.

समुद्र दारात असताना सांडपाण्याच्या मागे का लागायचं? हिवाळ्यात हेलसिंकीजवळचं उथळ पाणी शून्याला टेकलेलं असतं. आणखी थंड केलं तर बर्फ. डेन्मार्कमधल्या एस्बियर्गला हे जमलं, कारण उत्तर समुद्राकडचं पाणी इतकं गोठत नाही. तिथे बंद झालेल्या कोळसा केंद्राच्या जागी ७० मेगावॉटचा समुद्रपाण्याचा हीट पंप आला आहे. सेकंदाला सुमारे ४,००० लिटर समुद्राचं पाणी आत येतं आणि जेमतेम तीन अंशांनी थंड होऊन परत जातं. एवढा प्रचंड प्रवाह लागतो तो याचसाठी: तापमानातला फरक कमी मिळतो, म्हणून पाणी जास्त. शेजारी वाडेन समुद्राचं संरक्षित क्षेत्र असल्यामुळे पंपाच्या आत उष्णता वाहणारा वायू म्हणून कार्बन डायऑक्साइडच वापरला आहे. गळला तरी पाण्यातल्या जिवांना विषारी नाही.

तिसरा स्रोत म्हणजे डेटा सेंटर. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहराच्या जाळ्याला मेटा कंपनीच्या डेटा सेंटरची उष्णता मिळते. हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहराच्या परिसरात मायक्रोसॉफ्टच्या नव्या डेटा सेंटरांची उष्णता घेण्याची योजना फोर्टम कंपनीने २०२२मध्ये जाहीर केली. सर्व्हरमधून निघणारी हवा पंचवीस-पस्तीस अंशांची. रेडिएटरला ती थेट उपयोगी नाही, मध्ये हीट पंप हवाच. पण सुरुवातच तीस अंशांपासून असल्याने त्याला चढण कमी चढावी लागते.

वारा जोरात असून वीज कवडीमोल झाली की मोठे विद्युत बॉयलर चालवतात. ते म्हणजे शहराच्या मापाचे गीझर, एक युनिट विजेला एक युनिट उष्णता. एरवी उधळपट्टी, पण वीज जवळपास फुकट असलेल्या रात्री गुहा भरून ठेवायला फायद्याचे.

## परतीचं पाणी गरम राहतं कशामुळे

इथे खरी मेहनत आहे आणि ती कुणाच्या उद्घाटनाच्या फोटोत येत नाही.

नेहमी दिसणारा प्रकार असा. सहाव्या मजल्याच्या टोकाचा फ्लॅट थंड पडतो. तक्रार येते. सोसायटीचा देखभाल करणारा माणूस तळघरात जाऊन ‘हीटिंग कर्व्ह’ वर सरकवतो. कर्व्ह म्हणजे बाहेर इतके अंश असतील तर रेडिएटरला इतक्या अंशांचं पाणी, हा नियम. शिवाय पंपाचा वेगही वाढवतो. सहावा मजला ऊबदार होतो. पण मूळ दुखणं होतं पाण्याच्या वाटपात: पंपाजवळच्या रेडिएटरांतून गरजेच्या तिप्पट पाणी वाहत होतं आणि टोकाला थेंबथेंब पोहोचत होतं. आता खालचे मजले उकडू लागतात, लोक खिडक्या उघडतात आणि रेडिएटरमधून न थंड होताच सुटलेलं पाणी परतीच्या पाइपात जातं. एका फ्लॅटची तक्रार मिटली, पण सगळ्या इमारतीचं परतीचं तापमान दहा अंशांनी चढलं. यावर इलाज एकच: प्रत्येक उभ्या पाइपावरचे आणि रेडिएटरवरचे व्हॉल्व मोजून बसवणं, ज्याला बॅलन्सिंग म्हणतात. कंटाळवाणं काम, दर फ्लॅटमध्ये शिरावं लागतं.

बाकीचे दोषी नेहमीचेच आहेत. नियंत्रण व्हॉल्व गरजेपेक्षा मोठा बसवलेला असला की तो कधी पूर्ण उघडतो, कधी पूर्ण मिटतो. मधे स्थिर राहतच नाही. एक्स्चेंजरच्या पत्र्यांवर क्षार चढले की उष्णता नीट पलीकडे जात नाही, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त पाणी ओढलं जातं. कुणीतरी काही वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी उघडलेला बायपास उघडाच राहिलेला असतो, आणि ९० अंशांचं पाणी थेट परतीच्या वाटेला लागतं. जुन्या जोडण्यांत तीन तोंडी व्हॉल्व असतात. गरज नसली तरी ते गरम पाणी दुसऱ्या तोंडाने परत पाठवत राहतात. बाहेरचा तापमान सेन्सर दक्षिणेकडच्या भिंतीवर लावला असेल तर ऊन पडलं की त्याला वाटतं वसंत आला.

दोषी इमारत ओळखायची कशी? मीटरच्या तासागणिक नोंदींतून. एखाद्या इमारतीने महिन्यात १०,००० किलोवॉट-तास उष्णता घेतली आणि तापमानातला सरासरी फरक २५ अंश राहिला, तर तिच्यातून सुमारे ३४४ घनमीटर पाणी फिरलं. फरक ४५ अंशांचा असता तर १९१ घनमीटरमध्ये काम झालं असतं. जास्तीचं १५३ घनमीटर हा तिचा दोष. अशी यादी करून वरून खाली उतरत जायचं. नुसत्या परतीच्या तापमानावरून यादी केली तर एखादी छोटी बिघडलेली इमारत पहिली येते, पण तिला दुरुस्त करून जाळ्याला काहीच फरक पडत नाही. मोठी इमारत थोडी बिघडलेली असली तरी तीच आधी धरायची.

## काम कोणत्या क्रमाने करायचं

आधी परत येणारं पाणी, मग जाणारं. उलट केलं तर फसतं. परतीचं ५५वर अडकलेलं असताना जाणारं ९०वरून ७५वर आणलं, तर फरक ३५वरून २० अंश झाला. म्हणजे पाणी पावणेदोन पट हवं. पंपांना ते झेपत नाही आणि पहिल्याच गारठ्यात तापमान पुन्हा चढवावं लागतं.

तळघरं दुरुस्त झाली की जाणाऱ्या पाण्याचं तापमान दोन-दोन अंशांनी उतरवतात आणि जाळ्यातल्या टोकाच्या इमारतींवर नजर ठेवतात. उतरवत गेल्यावर कुठेतरी एखादी इमारत आधी कुरकुरते. बहुधा एक्स्चेंजर लहान असतो. तो बदलला की आणखी खाली जाता येतं. हेलसिंकीसारख्या शहरांत जाणारं पाणी उन्हाळ्यात सत्तरच्या आसपास आणि कडाक्याच्या थंडीत ११५ अंशांपर्यंत नेण्याची पद्धत आहे. ही वरची शिखरं छाटणं हे मुख्य काम.

रेडिएटर छोटे पडणार नाहीत का? पडतील, घर जसंच्या तसं ठेवलं तर. पण जुन्या इमारतीला तीन काचांच्या खिडक्या बसल्या, छताचं इन्सुलेशन झालं आणि उष्णतेची गरज निम्मी झाली, तर तोच रेडिएटर आता गरजेपेक्षा मोठा ठरतो. पूर्वी त्याला सरासरी ७० अंशांचं पाणी लागत असेल तर आता ५० अंशांचं पुरतं. म्हणून खिडक्यांचं काम आणि जाळ्याचं काम एकाच नियोजनात बसवायला हवं. दुर्दैवाने खिडक्यांचा खर्च घरमालकांचा आणि फायद्यातला मोठा वाटा उष्णता कंपनीचा, त्यामुळे हे दोन कागद बहुधा वेगवेगळ्या टेबलांवर पडून असतात. डेन्मार्कमध्ये बऱ्याच कंपन्यांनी यावर सरळ उपाय केला आहे: परतीचं पाणी थंड पाठवलं तर बिलात सूट, गरम पाठवलं तर भुर्दंड.

पाइपांबद्दल थोडक्यात. आतला पाइप स्टीलचा, त्यावर पॉलियुरेथेन फोम, बाहेर प्लॅस्टिकचं कवच. फोममध्ये तांब्याच्या दोन तारा असतात. फोम ओला झाला की तार आणि पाइप यांच्यातला विद्युतरोध घटतो आणि गळती नेमकी कुठे आहे ते रस्ता खोदण्याआधी कळतं. बिघाड बहुतेकदा जोडावर होतो, जिथे कवचाची बाही पावसात, घाईत चढवलेली असते. स्टील शंभर अंशांच्या फरकाला मीटरमागे १.२ मिलिमीटर वाढतं, शंभर मीटरला १२ सेंटिमीटर, म्हणून वळणं मुद्दाम ठेवावी लागतात. तापमान उतरलं की हा ताणही उतरतो आणि पाइप जास्त जगतो.

## गरम पाणी कोमट झालं तर जंतू नाही का वाढणार?

वाढतील. लिजिओनेला नावाचा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात पोसतो आणि फवाऱ्यातून फुप्फुसात जातो. फिनलंडमध्ये नळाचं गरम पाणी म्हणूनच किमान ५५ अंश राखावं लागतं. त्यासाठी जाळ्याचं पाणी पासष्टीच्या फार खाली नेता येत नाही. उन्हाळ्यात जाळ्याचं तापमान कुठवर उतरेल हे रेडिएटर ठरवत नाहीत, शॉवर ठरवतो. नव्या वस्त्यांत टाकीऐवजी लागेल तेव्हाच पाणी तापवणारे एक्स्चेंजर किंवा छोटे पूरक हीट पंप लावून ही मर्यादा खाली आणता येते. जुन्या शहरात हे सगळीकडे परवडत नाही.

## प्रत्येकाने आपापला हीट पंप का बसवू नये?

विरळ वस्तीत तेच योग्य. घरं लांब लांब असली की पाइपांतली गळतीच वीस-तीस टक्क्यांवर जाते. हेलसिंकीतल्याही काही सोसायट्यांनी जाळं सोडून जमिनीतली उष्णता काढायला बोअर घेतले आहेत. पण तिथल्या खडकातून बोअरच्या मीटरमागे साधारण ३० ते ४० वॉट मिळतात, म्हणजे ३०० मीटरच्या बोअरमधून दहा किलोवॉट. मोठ्या इमारतीला असे दहा-पंधरा बोअर हवेत, तेही एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर लांब. भर शहरात एवढं अंगण कुणाकडे आहे? शिवाय कडाक्याच्या थंडीत सगळे पंप एकाच वेळी वीज मागतात. जाळ्याकडे गुहेतला साठा आणि दुसऱ्या इंधनाचे बॉयलर असतात, एकट्या इमारतीकडे नसतात.

## लाकूड जाळणं हरित कसं?

हा आक्षेप खरा आहे. हिशेबाच्या नियमांत लाकडाच्या धुराचा कार्बन ऊर्जेच्या खात्यात शून्य धरतात, कारण तो जंगलाच्या खात्यात मोजला जावा अशी अपेक्षा असते. आणि फिनलंडचं जंगल-जमिनीचं खातं अलीकडे कार्बन शोषण्याऐवजी सोडू लागलं आहे. करवतीच्या गिरणीतला भुसा, फांद्या जाळणं एक, आणि अख्खा ओंडका जाळणं दुसरं. माझ्या मते लाकूड हे फक्त थंडीच्या दिवसांपुरतं ठेवावं, वर्षभराचा पाया म्हणून नको. स्टॉकहोममध्ये लाकडाच्या केंद्राच्या धुरातून वर्षाला आठ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्रतळाखाली गाडण्याच्या प्रकल्पावर मार्च २०२५मध्ये शिक्कामोर्तब झालं. ते यशस्वी झालं तर हा वाद वेगळ्या वळणावर जाईल. कचरा जाळण्याचंही तसंच, त्यातलं प्लॅस्टिक म्हणजे खनिज तेलच.

## वारा पडला आणि वीज महागली तर?

जानेवारी २०२४च्या गारठ्यात फिनलंडमध्ये विजेचे दर एकदम भडकले होते. त्यात कोळसा केंद्र बंद केल्याने शहराची उष्णता गेली तशी थोडी वीजही गेली, आणि हीट पंपांची मागणी वाढली ती वेगळीच. म्हणून वायू आणि तेलाचे काही बॉयलर मोडीत काढलेले नाहीत. टीकाकार बोट ठेवतात ते यावर. पण वर्षातला सगळ्यात थंड काळ थोड्या दिवसांचा असतो. कमाल मागणीच्या निम्म्या क्षमतेची यंत्रं वर्षभराच्या उष्णतेचा साधारण नव्वद टक्के भाग भागवू शकतात. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी तेवढ्याच क्षमतेचे महागडे हीट पंप घेऊन वर्षभर झाकून ठेवणं हा पैशाचा चुराडा आहे.

वीज कुठून येते हे मात्र विसरून चालत नाही. तीन सीओपीचा हीट पंप फिनलंडमध्ये चालवला तर उष्णतेच्या दर किलोवॉट-तासामागे काही ग्रॅमच कार्बन निघतो, कारण तिथली ९० टक्क्यांहून जास्त वीज अणू, जल, वारा आणि जैवइंधनाची आहे; ओल्किलुओतोची तिसरी अणुभट्टी एप्रिल २०२३पासून नियमित चालते. भारतातल्या विजेवर, जिथे युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम निघतो, तोच पंप २३० ग्रॅमच्या पुढे जाईल. चांगल्या गॅस बॉयलरपेक्षा किंचित वाईटच.

## एस्पोत राहणाऱ्याने काय करायचं

एस्पो-हेलसिंकीत आयटीच्या नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचं हीटिंग बहुधा भाड्यात किंवा सोसायटीच्या मासिक शुल्कात धरलेलं असतं, त्यामुळे खिडकी उघडी टाकून हीटर चालू ठेवला तरी बिलात वेगळं काही दिसत नाही. रेडिएटरवरचा थर्मोस्टॅट आसपासच्या हवेचं तापमान बघतो. त्यावर जाड पडदा आला किंवा वाळत घातलेली पॅन्ट लटकली, तर त्याला वाटतं खोली तापली, आणि तो व्हॉल्व मिटतो. खोली थंड वाटली की आधी पडदा बाजूला करा. रेडिएटर वरून थंड आणि आत गुळगुळ आवाज असेल तर हवा अडकली आहे, देखभालवाल्याला सांगा. बॅलन्सिंगला माणसं येणार अशी सूचना दारावर लागली तर त्या दिवशी किल्लीची सोय करून ठेवा. एक फ्लॅट बंद राहिला की पूर्ण उभ्या पाइपाचं मोजमाप अडतं.

## आणि महाराष्ट्रात?

घर तापवण्याचा प्रश्नच नाही. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरच्या पस्तीस अंशांच्या हवेला इथे गिऱ्हाईक नाही. पण हेच जाळं थंड पाण्याचं असू शकतं. गुजरातच्या गिफ्ट सिटीत तसं डिस्ट्रिक्ट कूलिंग चालू आहे. आणि पुण्या-मुंबईतल्या मोठ्या आयटी पार्कांच्या, मॉलच्या चिलर प्लांटवर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेवर, काम करणाऱ्यांना वरचं दुखणं उलट्या दिशेने ओळखीचं आहे. पाणी ७ अंशांवर निघतं, १३वर परतायला हवं, पण १०वरच परततं. फरक निम्मा, म्हणून पाणी दुप्पट. ते पुरवायला दुसरा चिलर सुरू करावा लागतो आणि दोन्ही अर्ध्या भारावर चालत राहतात. कारणंही तीच: हवा थंड करणाऱ्या युनिटची मळलेली कॉइल, तुंबलेले फिल्टर, अडकलेला व्हॉल्व, जुने तीन तोंडी व्हॉल्व आणि कुणीतरी १८वर लावून ठेवलेला थर्मोस्टॅट. अशा वेळी नवा चिलर मागवण्याआधी एकेका युनिटच्या परतीच्या पाइपाला थर्मामीटर लावून यादी करावी. दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि फरक खाणारी युनिटं त्या यादीत लगेच डोळ्यांत भरतात.